गजभिये सिस्टरांचा हवेचा डबा

गजभिये सिस्टरांच्या मोटारसायकलच्या मागच्या चाकात पूर्ण हवा भरायला अकरा मिनिटं लागत. दहा नाही, बारा नाही. हे मी खात्रीने लिहितो. आमच्या दैनिकात मी त्यांच्यावर तीन ओळींची बातमी दिली होती आणि तीत 'दहा मिनिटांत' असं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर त्या अंकाची घडी हातात घेऊन माझ्या दारात उभ्या होत्या.

"भाऊ, हे दहा कुठून आणले?"

"अंदाजे लिहिलं, सिस्टर."

"अंदाजानंच लिहाचं होतं तर मले विचारलं काहून? मी घड्याळ लावून सांगितलं होतं ना तुमाले, अकरा."

तीन ओळींच्या बातमीची दुरुस्ती कोणी छापत नाही. ती राहून गेली. ती इथे करतो आहे.

सत्तरीच्या दशकाची अखेर आणि ऐंशीची सुरुवात, अशी ती पाच-सहा वर्षं. मी नागपुरात उपसंपादक होतो आणि उमरेड रोडला लागून असलेल्या एका गल्लीत भाड्याने राहत होतो. समोरचं घर गजभियांचं. घरात तीन माणसं. सिस्टर आरोग्य खात्यात होत्या आणि त्यांच्याकडे उमरेड ते भिवापूरच्या पट्ट्यातल्या खेड्यांची फेरी होती. त्यांचे यजमान भीमराव रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते आणि दिवसाला मोजून काही वाक्यं बोलत. तिसरी धाकटी बहीण विमल. तिच्या उजव्या पायात लहानपणच्या तापानंतर ताकद उरली नव्हती. ती ओसरीत बसून हातमशीनवर कपडे शिवी. बहिणीच्या पायाबद्दल सिस्टर कधी बोलल्याचं मला आठवत नाही. त्या पोलिओची लस घेऊन खेडोपाडी जात, एवढंच.

पांढरी साडी, आणि तिच्या आत भीमरावांची जुनी खाकी पँट. रस्त्यावर साडी कमरेला खोचलेली असे. गाव जवळ आलं की एखाद्या झाडाखाली थांबायचं, निऱ्या सोडायच्या, पदर सारखा करायचा, मग गावात शिरायचं. छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ. कोणी काहीही सांगायला आलं की त्या आधी वेळ विचारत. पोराला काल ताप आला, असं कोणी म्हणालं तर काल त्यांना पुरत नसे.

"काल म्हणजे कधी? गाई घरी आल्या होत्या का नव्हत्या?"

मोटारसायकल भीमरावांनी कोणाकडून तरी जुनी घेतली होती. त्यांचं तिच्याशी जमलं नाही. ते सायकलवरच कामाला जात राहिले. सिस्टर मात्र दोन रविवारांत मैदानावर शिकल्या आणि तिसऱ्या सोमवारी फेरीवर गेल्या. तोपर्यंत त्या एसटीने जात, आणि एसटी जिथे सोडी तिथून पायी. लस थर्मासात बर्फावर असे. नागपूरच्या भांडारातून ती सकाळी सातला उचलायची. वाटेत उमरेडच्या बर्फाच्या कांडीवाल्याकडून आणखी बर्फ घ्यायचा. मे महिन्यात तो बारा-साडेबारापर्यंत टिके. त्याच्या आत थेंब पोरांच्या तोंडात पडले तर लस, नाहीतर पाणी. आमच्या कचेरीत पान छपाईला सोडायची वेळ ठरलेली असते. सिस्टरांची वेळ बर्फ ठरवत असे.

"बर्फ कोणासाठी थांबते काय?" हे त्यांचं वाक्य गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेल्यांनाही त्यांनी ते ऐकवलेलं आहे.

उन्हाळ्यात त्या रस्त्यावर डांबर इतकं तापतं की ट्यूबला लावलेल्या ठिगळाचं सोल्युशन मऊ होतं, ठिगळाची कड उचलते आणि हवा हळूहळू जाते. सिस्टरांकडे पायाने मारायचा पंप होता. तो मारताना साडी सांभाळावी लागे, आणि साडी सांभाळणारी बाई रस्त्यात दिसली की मदतनीस जमत. एकदा चौघे जमले.

"सरका सिस्टर, तुमच्यानं नाही होत."

मग पंप कोणी मारायचा, कोणाच्या पायात बूट आहेत, चप्पल घालून जोर लागतो की नाही, यावर चौघांत वीस मिनिटं गेली. शेवटी एकाने मारला आणि नळी ओढून काढताना व्हॉल्व्हच मोडला. सिस्टर गावात पोचल्या तेव्हा थर्मासात कोमट पाणी होतं. त्यांनी कुप्या फोडून रस्त्याच्या कडेला ओतल्या आणि रजिस्टरात लिहिलं: लस खराब. कारण, चाकात हवा नव्हती. न लिहिता थेंब पाजले असते तर कोणाला कळलं नसतं. महिन्याभरात पुन्हा तेच झालं. या वेळी मदतीला कोणी नव्हतं, पंपाचंच कातडं गेलं होतं. त्यांनी पुन्हा तेच वाक्य लिहिलं.

दोन नोंदींवरून खात्यातल्या डॉक्टर काळे साहेबांचं पत्र आलं. साहेब वाईट माणूस नव्हते. फुकट गेलेल्या लसीचा हिशेब त्यांना वर द्यावा लागे. पत्रात लिहिलं होतं की असा प्रसंग तिसऱ्यांदा घडल्यास सदर फेरी पुरुष कर्मचाऱ्याकडे देण्यात येईल आणि सिस्टरांना नागपूरच्या कार्यालयात तक्ते भरण्याचं काम देण्यात येईल.

सिस्टरांनी पत्र अंगणात उभं राहून मोठ्याने वाचलं. ओसरीतलं मशीन थांबलं.

"मंग?" विमलने विचारलं.

"मंग काय वं. असा पंप पायजे, जो कोणाले बोलावत नाही."

सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात मोडीत काढलेल्या गाड्यांचं सामान येई. तिथून सिस्टरांनी एका जुन्या जीपची काच पुसायची मोटर आणली. ती सहा व्होल्टची होती आणि त्यांच्या मोटारसायकलची बॅटरीही सहाचीच. पायपंपाची नळकांडी भीमरावांनी घरच्या करवतीने निम्मी कापली. वर्कशॉपातला एक खिळाही त्यांनी घरी आणला नाही, हे सिस्टर आवर्जून सांगत. विमलने जुन्या कोल्हापुरीच्या कातड्याचा वायसर कापला आणि तो दोन दिवस तेलात भिजत ठेवला. मोटरचा दांडा मागेपुढे हले, तो नळकांडीच्या दांड्याला जोडला. हे सगळं सिरिंजा उकळायच्या एका बाद झालेल्या चकचकीत डब्यात बसवलं. डब्यातून दोन वायरी आणि एक रबरी नळी बाहेर आली.

भीमराव पाहून एवढंच म्हणाले, "गरम होईल."

पहिली चाचणी रविवारी सकाळी, सगळी गल्ली जमलेली असताना झाली. सिस्टरांनी वायरी बॅटरीला लावल्या, नळी चाकाला लावली. डबा टकटक करू लागला. आवाज थेट विमलच्या मशीनसारखा. चौदा मिनिटांनी चाक दगडासारखं झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टर ऐटीत गाडीवर बसल्या आणि किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. नाही. इंजिन बंद ठेवून हवा भरली होती. आधीच अशक्त बॅटरी डब्याने पिऊन टाकली होती, आणि ती गाडी बॅटरीशिवाय सुरू होत नसे. गच्च भरलेल्या चाकांची ती फटफटी सात जणांनी ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत नेली. सिस्टर वर बसून सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसत होत्या.

"हवा भरली अन् जीव काढला तिचा!"

त्याच संध्याकाळी डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लाल रंगाने अक्षरं आली: आधी इंजिन, मग डबा. पुढच्या रविवारी इंजिन चालू ठेवून चाचणी झाली. अकरा मिनिटं. मी हजर होतो, आणि तरीही दहा लिहिलं.

एकदा वायरी उलट्या लागल्या. मोटर उलटी फिरली, पण दांडा मागेपुढेच हलला आणि हवा भरली गेली. याचा सिस्टरांना काय आनंद झाला होता. "कसंबी लावा, भरतेच!" त्या गल्लीभर सांगत होत्या.

सोनारखेडी हे त्यांच्या फेरीतलं सर्वांत अवघड गाव. आधीच्या वर्षी तिथे कोणी तरी दुसरी लस टोचली होती, पोरांना ताप आले होते, आणि तेव्हापासून पांढरी साडी दिसली की बाया दारं लावून घेत. हे थेंब आहेत, सुई नाही, हे ऐकायला बाहेर तर यायला हवं. एका सकाळी सिस्टर गावात शिरल्या तेव्हा पुढचं चाक बसत आलं होतं. त्या पाराजवळ थांबल्या, इंजिन चालू ठेवलं आणि डबा लावला. टकटक ऐकून एक म्हातारी काठी टेकत आली. डबा दवाखान्याचा, त्यातून निघालेली नळी, ती चाकात गेलेली, आणि शेजारी नर्स.

"काय वं माय, फटफटीले बी सुई देऊन राहिली काय?"

"हो ना आजी. तिले ताप आला."

"रडली नाही?"

"शहाणी आहे. गावच्या पोरायसारखी नाही."

म्हातारी हसली, तिने सुनेला हाक मारली. सुनेने शेजारणीला. पाराभोवती बाया जमल्या, कडेवर पोरं होतीच. चाक भरेपर्यंत सिस्टरांचं सांगून झालं होतं. त्या दिवशी गावात पहिल्यांदा थेंब पाजले गेले.

यानंतर सोनारखेडीत चाकं भरलेली असली तरी सिस्टर पाराजवळ थांबून थोडी हवा सोडून देत आणि पुन्हा भरत. हे खात्याच्या नियमात बसतं का, असं मी विचारलं.

"हवा सोडू नये असं नियमात कुठं लिहिलं आहे, सांगा बरं."

तिसरा प्रसंग टळला होता असं नव्हे. तो आला, आणि आला तो साहेबांच्या समोर.

हा प्रसंग मी सिस्टरांकडून आणि काळे साहेबांकडून वेगवेगळा ऐकला, आणि रजिस्टरही पाहिलं. वेळा जुळतात. फरक एकच आहे. सिस्टर म्हणत, गाडी चालू असताना साहेब एक शब्द बोलले नाहीत. साहेब म्हणत, सिस्टर बोलल्या नाहीत.

मे महिन्यात साहेबांनी सोनारखेडीची पाहणी काढली. लस जीपमधून जाईल आणि सिस्टर मोटारसायकलवरून मागून येतील, असा त्यांचा हुकूम होता. डब्याबद्दल त्यांनी ऐकलं होतं, पण विश्वास ठेवला नव्हता. उमरेड ओलांडल्यावर जीपचं मागचं चाक फुटलं. ड्रायव्हरने स्टेपनी उतरवली आणि तिच्यावर बसून राहिला. स्टेपनीतही हवा नव्हती. पुढे गाव चौदा किलोमीटर. दहा चाळीस झाले होते. थर्मासातला बर्फ अर्ध्यावर आला होता.

"लस द्या साहेब, मी घेऊन जाते," सिस्टर म्हणाल्या.

"लस माझ्या ताब्यात आहे. मला सोडता येणार नाही."

"मंग थर्मास मांडीवर घ्या अन् मागं बसा."

साहेब बसले. डोक्याला दुपट्टा, मांडीवर थर्मास, पुढे सिस्टर. चार किलोमीटरवर मागचं चाक बसलं. दोघांचं वजन आणि तापलेलं डांबर, ठिगळाची कड उचलली होती. साहेब उतरले आणि चाकाकडे पाहत उभे राहिले. आता पत्रातल्या वाक्याची आठवण कोणी कोणाला द्यायची गरज नव्हती.

सिस्टरांनी घड्याळ पाहिलं.

"पंक्चर काढाले सव्वा तास जाते. तेवढा बर्फ नाही. भरत भरत जाऊ."

त्यांनी डबा काढला, वायरी लावल्या. साहेबांचा हात किल्लीकडे गेला.

"इंजिन बंद करा, तापेल."

"हात नका लावू साहेब. ते चूक माझी करून झाली आहे."

टकटक सुरू झाली. दोन सायकलवाले थांबले. एक जण बाह्या सरसावत म्हणाला, "सरका सिस्टर, आम्ही पाहतो."

"पाहा ना. तठी बसून पाहा."

ते बसले. साहेब उभे राहिले. अकरा मिनिटांनी नळी निघाली आणि दोघं निघाले.

पाच किलोमीटरनंतर चाक पुन्हा मऊ झालं. या वेळी पूर्ण बसायच्या आत सिस्टर थांबल्या, त्यामुळे सात मिनिटांत भागलं. निघताना त्यांनी विचारलं, "साहेब, वजन किती तुमचं?"

"बहात्तर."

"मंग अजून एकदा थांबा लागन."

तसंच झालं. गाव एक किलोमीटरवर आलं असताना तिसऱ्यांदा डबा लागला. भीमरावांनी सांगितलेलं इथे खरं ठरलं. मोटरमधून जळका वास येऊ लागला, टकटक मंदावली. सिस्टरांनी पाण्याची बाटली शोधली. ती जीपमध्ये राहिली होती. थर्मासातल्या पाण्याला हात लावायचा नव्हता. तेव्हा काळे साहेबांनी खांद्यावरची स्वतःची बाटली काढली, डोक्याचा दुपट्टा भिजवला आणि रस्त्यावर उकिडवे बसून तो मोटरभोवती दाबून धरला. बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात उघड्या डोक्याने ते सहा मिनिटं तसे बसून होते. हे मला सिस्टरांनी सांगितलं नाही. साहेबांनीच सांगितलं.

अकरा एक्केचाळीसला मोटारसायकल सोनारखेडीच्या पाराजवळ आली. त्या दिवशी निऱ्या सोडायला सिस्टर थांबल्या नाहीत. साडी कमरेला खोचलेली, खाकी पँट उघड, तशाच त्या गावात शिरल्या. फटफटीची सुई पाहायला बाया आधीच जमलेल्या होत्या. साहेबांनी थर्मास उघडला. लिंबाएवढे दोन खडे तरंगत होते. त्यांनी झाकण लावलं आणि पहिल्यांदा हसले.

म्हातारी काठी टेकत पुढे आली.

"हा कोण वं मागं? फटफटीचा डॉक्टर काय?"

"नाही आजी. हे माझे साहेब आहेत."

"साहेब आहे तर तू काहून चालवून राहिली?"

उत्तर साहेबांनी दिलं. "मला चालवता येत नाही, आजी."

पारावर जो हशा उठला तो बराच वेळ थांबला नाही. बर्फ विरघळायच्या आत सगळ्या पोरांना थेंब पाजून झाले. एकही कुपी वाया गेली नाही.

रजिस्टरात साहेबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे: लस सुस्थितीत पोचली. फेरी आहे त्याच कर्मचाऱ्याकडे राहील. खाली सही आणि वेळ. वेळ लिहायची खात्यात पद्धत नव्हती. ती सिस्टरांनी लिहायला लावली असावी.

निघण्याआधी सिस्टरांनी गावातच पंक्चर काढलं आणि परतीच्या वाटेत जीपच्या स्टेपनीला डबा लावला. साहेबांनी विचारलं, किती वेळ लागेल.

"जीपचं पोट मोठं आहे साहेब. पाऊण तास तरी. तवरक तुम्ही पेपर वाचा."

पेपर आमचाच होता, असं साहेब म्हणाले.

त्यानंतर फेरीबद्दल पत्र आलं नाही. जीपची स्टेपनी मात्र दर सोमवारी तपासली जाऊ लागली. डब्याच्या वायसरचं कातडं विमल दर उन्हाळ्यात नवं कापून देई. कोणी विचारलं की हे कोणी बनवलं, तर सिस्टर तिघांचीही नावं सांगत, आणि विमलचं आधी.

पुढे मी ती गल्ली सोडली. सिस्टरांना पाहून काही वर्षं झाली होती. भिवापूरला मिरचीच्या बाजाराची बातमी करायला मी एसटीने निघालो होतो. सकाळचे दहा होत आले होते. उमरेडच्या पुढे उतारावर एक मोटारसायकल कडेला उभी दिसली. इंजिन चालू. शेजारी मैलाच्या दगडावर पांढऱ्या साडीतली एक बाई बसलेली, केस बरेच पिकलेले, मांडीवर थर्मास. चाकाजवळ चकचकीत डबा.

ड्रायव्हरने गाडी हळू केली. कंडक्टर दारातून वाकला.

"सिस्टर, काही मदत पायजे काय?"

मी खिडकीतून हात केला. त्यांनी पाहिलं की नाही, सांगता येत नाही. त्यांनी छातीवरचं घड्याळ पाहिलं, हाताची चार बोटं वर केली आणि तोच हात पुढे हलवला. जा.

गाडी पुढे गेली. पुढच्या फाट्यावर टोपल्या आणि पोती चढवायला ती बराच वेळ थांबली, मग निघाली. थोड्या वेळाने मागून हॉर्न वाजला. आमचा ड्रायव्हर रस्ता देणारा नव्हता. ट्रक मागे आला तरी तो मधोमध चालवत होता. त्याने आरशात पाहिलं आणि गाडी डावीकडे घेतली. खोचलेली पांढरी साडी, खाकी पँट, मागच्या कॅरिअरवर बांधलेला डबा उन्हात चमकत, सिस्टर आमच्या खिडक्यांखालून पुढे निघून गेल्या. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"गेली बा सिस्टर," कंडक्टर म्हणाला.

मी घड्याळ पाहून वेळ लिहून घेतली. दहा वाजून सतरा मिनिटं.